जितं मलम

या, अशा पुढं या. भिंतीला टेकायचं तर टेका, पण जरा जवळ बसा. माझा आवाज आता लांबवर पोचत नाही. आमचे कीर्तनकार बुवा आधी निरूपण करतात आणि मग कमरेला उपरणं बांधून आख्यानाला उभे राहतात. मला निरूपण काही येत नाही. इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून आख्यान तेवढं अंगात मुरलंय. तर एका बाईच्या दोन हातांचं आख्यान सांगते. राजाराणीचं नाही, समोरच्या घरातलं. गेल्या दसऱ्याला माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

येरळा नदीच्या काठी आमचं गाव. गावच्या आरोग्यकेंद्रात ऋतुजा सिस्टर आहे. माझ्या समोरच्या मारुती लोहारांची ती सून. मारुती म्हणजे आमचे नाना. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, ते डिझेलच्या गाड्या होत्या तेव्हा. विजेच्या गाड्या आल्या आणि नाना निवृत्त झाले. पण पाने, हातोडे अजून तेल लावून ठेवलेले. त्यांचा एकुलता एक मुलगा सोपान. उपसा योजनेच्या पंपावर कामाला, आणि संध्याकाळी देवळात कीर्तनाला पेटीवर. बुवांचा स्वर चढायच्या आधी याची बोटं तिथं जाऊन उभी असायची.

ऋतुजा लग्न होऊन आली तेव्हा तिचे हात चांगले होते. दोन वर्षांत त्यांची दशा झाली. सिस्टरचं काम म्हणजे पाण्यातलं काम. एक पेशंट बघितला, धुवा. इंजेक्शन दिलं, धुवा. मध्येच ते थंडगार औषध चोळा. दिवसाला साठ-सत्तर वेळा. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या, भेगांतून रक्त, आणि रात्रंदिवस खाज. भाकरीचं पीठ मळताना मीठ लागलं की ती दात आवळून उभी राहायची.

डॉक्टरांनी सांगितलं, "इसब आहे. हात धुतले की टिपायचे, चोळायचे नाहीत. टिपले की लगेच साधं तुपकट मलम लावायचं. वासाचं नको. प्रत्येक वेळी, न चुकता."

प्रत्येक वेळी! दारात रांग लागलेली असताना साठ वेळा मलम कोण लावणार? चार दिवस नेमानं लावायची, पाचव्या दिवशी रांग वाढली की विसरायची. एकदा लस द्यायच्या दिवशी तर पाटलांच्या सुनेनं बाळ चक्क पदराखाली घेतलं.

"सिस्टर, रागाऊ नका. पण बाळाला तुम्ही हात नका लावू. त्याला लागंल."

"अगं, इसब आहे हा. हा कुणाला लागत नाही."

"व्हय व्हय. पण नकोच."

त्या दिवशी ऋतुजा माझ्याकडं येऊन रडली. म्हणाली, "काकू, ज्या हातानं गावातली निम्मी पोरं जगात आणली, त्या हाताला आता पोरं भितात."

आता जरा शास्त्र सांगते. घाबरू नका, मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल. आपलं वरचं कातडं म्हणजे भिंत समजा. मेलेल्या पेशी या विटा, आणि मधला चुना म्हणजे शरीरानंच तयार केलेली चरबी. साबणानं हा चुना विरघळतो. मग आतली ओल बाहेर जाते आणि बाहेरचं तिखट-मीठ आत येतं. मलम म्हणजे त्या फटींत भरलेला उसना चुना. पुढच्या धुण्याला वाहून जातो. म्हणून तर ते पुन्हा पुन्हा लावायचं.

पण ज्यांचे हात जन्मभर पाण्यात राहूनही लोण्यासारखे राहतात, त्यांचं काय? शास्त्रज्ञांनी शोधलं तेव्हा कळलं की त्यांच्या कातड्यावरचे जंतूच गवंडी आहेत! प्रत्येकाच्या हातावर लाखो जंतू राहतात, बिनभाड्याचे. काहींच्या हातावरचे असे गुणी, की तिथल्या तिथं चरबी तयार करतात आणि वाईट जंतूंना पाय ठेवू देत नाहीत. मग सांगलीला त्वचापेढी निघाली. गुणी हातावरचे जंतू घ्यायचे, वाढवायचे, मलमात सोडायचे. कागदोपत्री त्याचं नाव मोठं आहे. लोक म्हणतात जितं मलम, म्हणजे जिवंत. ते घरी विरजणासारखं ठेवायचं. दर शनिवारी पेढीतून आलेल्या कोऱ्या मलमात जुन्यातलं चमचाभर घालायचं आणि उबेला ठेवायचं. फ्रिजमध्ये ठेवलं की मेलं. कागदाची एक पट्टी बुडवायची. निळी झाली तर आतले जीव जिते. रात्री हाताला लावायचं. दिवसा धुण्यात निम्मे गेले तरी रात्री पुन्हा भरती.

मात्र दाता शक्यतो घरातलाच हवा, एका पाण्यावरचा, एका अन्नावरचा. म्हणून घरातल्या सगळ्यांचे हात तपासले. पेढीतल्या कुडचे मॅडम नानांचा अहवाल बघून चक्रावल्याच.

"काका, तुम्ही हात कशानं धुता?"

"रॉकेलनं. चाळीस वर्षं."

"मग बरोबर. तुमच्या हातावर राहायला जंतूसुद्धा तयार नाहीत."

सोपानचे हात मात्र नमुन्याला ठेवावेत असे निघाले. दिवसभर पंपाच्या पाण्यात हात, पण एक भेग नाही. काडीनं तळव्यावरून चार वेळा पुसून घेतलं, झालं. तो ऋतुजाला म्हणाला, "लग्नात हात दिला होता, तो तू सारखा सोडवून पळतेस. आता पळून दाखव."

"गप बसा. मॅडम ऐकतात."

"ऐकू दे की. त्यांनीच तर डबल लग्न लावलं."

तीन आठवड्यांत भेगा मिटल्या. दोन महिन्यांत पाटलांच्या सुनेनं बाळ आपणहून तिच्या हातात दिलं. आणखी एक गोष्ट झाली, ती मात्र पेढीच्या कागदावर लिहिलेली नव्हती. हाताला वास असतो ना, तो कातड्याचा नसतो, त्यावरच्या जंतूंचा असतो. ऋतुजाच्या हाताला सोपानच्या हाताचा वास येऊ लागला. नुकती उपटून सोललेली ओली शेंग कशी वासाला असते, तसा. गोडसर, मातकट. तो तिला चिडवायचा, "मी पंपावर असलो तरी तुझ्या पदराला हात पुसतोय बघ."

मग तो गेला. तीन दिवसांचा ताप. जास्त काय सांगू. बत्तिसाव्या वर्षी. त्या वर्षी देवळात पेटीची जागा रिकामीच राहिली आणि बुवांनी सबंध सप्ताह नुसत्या टाळावर काढला.

तेराव्यानंतर पेढीतून फोन आला. दात्याची संमती दरवर्षी घ्यावी लागते. दाता गेला की पेढीतला नमुना नष्ट करायचा, असा कायदा आहे. कुडचे मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "इथलं काही आमच्या हातात नाही. पण घरातली बरणी तुमची. ती कुणी मागणार नाही, आणि कोरं मलम येत राहील."

म्हणजे सबंध जगात सोपानचं जितं असं जे काही उरलं, ते त्या चिनीमातीच्या बरणीत. ऋतुजानं ती देवघराशेजारच्या देवळीत ठेवली, उबेला. शनिवार कधी चुकवला नाही. कीर्तनाला माझ्या शेजारी बसायची ती तळवा नाकातोंडावर धरून. बायका म्हणायच्या, सिस्टरला बारमाही सर्दी आहे. मला खरं कारण ठाऊक होतं. देव मूर्तीत आहे की नाही यावर पंडितांनी खुशाल भांडावं. ज्याला हात जोडावेसे वाटतात त्याला विचारावं.

माहेरच्यांनी दोन-तीनदा विषय काढला. वय आहे, पुन्हा विचार कर. नानासुद्धा एकदा म्हणाले, "माझ्यासाठी थांबू नगंस, पोरी." ती म्हणाली, "तुमच्यासाठी कुठं थांबलेय? मी एकटी कुठंय?"  नानांना बरणीचं ठाऊक होतं. पोराचं काहीतरी त्यात जितं आहे, एवढं ठाऊक होतं.

आणि मग आली खंडेनवमी.

नवमीला आपल्याकडं हत्यारं पुजतात. ज्याचा जो धंदा, त्याचं ते हत्यार. नानांनी सकाळीच पाने, हातोडे, कानस पाटावर मांडले. ऋतुजाची रक्तदाबाची पट्टी मांडली. सोपानची पेटी मांडली. मग देवळीतली बरणी काढून मधोमध ठेवली. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. ऋतुजा केंद्रावरून दुपारी आली तेव्हा नाना मोठ्या समाधानानं म्हणाले, "तुझ्या बरणीचीबी पूजा केली बघ. वरच्यावर न्हाई, झाकण काढून. आत जीव हाय म्हटल्यावर जिवालाच वाहायचं. चिमूट हळद, चिमूट कुंकू."

तिनं तोंडावर काही दिसू दिलं नाही. "बरं केलंत नाना," म्हणाली आणि बरणी घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात. मलमात पिवळे-तांबडे ओघळ उतरले होते. पेढीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: हळद, कापूर, चुना, काहीही आत जाऊ देऊ नये. हळद जंतूंना मारते हे आपल्या पोरासोरांनाही ठाऊक, आणि कुंकवात चुना असतोच. तो कागद ऋतुजानं वाचून घडी करून ठेवला होता. नानांना वाचून दाखवायचं कधी सुचलं नव्हतं.

पट्टी बुडवली. पांढरी. दुसरी बुडवली. ढवळून तळातलं घेतलं, तिसरी बुडवली. पांढरीच.

तिनं कुडचे मॅडमना फोन लावला. सुट्टीचा दिवस असून त्यांनी उचलला. म्हणाल्या, "काल रात्री लावलं होतं ना? मग हातावर अजून असतील. पण तुमच्या हातावर ते घर करून राहत नाहीत, पाहुणे आहेत. भरती थांबली की तुमचे स्वतःचे जंतू त्यांना हटवतात. उद्या दसरा, पेढी बंद, यंत्रं बंद. परवा एकादशीला सकाळी दहाला या. हातावरून उचलून पुन्हा वाढवता येतील. हातावर असलेलं ते तुमचं, त्याला कायदा नाही. तोवर पाणी नको, साबण नको. आणि दवाखान्यातलं ते हात घासायचं औषध एकदा जरी लागलं, तर संपलं."

"काडीवर पुसून ठेवलं तर?"

"काडीवर वाळतात. थंडीत मरतात. त्यांना जितं कातडंच हवं."

चाळीस-बेचाळीस तास. ऋतुजानं सुती हातमोजे चढवले. रजा होतीच. मला म्हणाली, "काकू, नानांना कळू देऊ नका. इसब उठलंय म्हणून सांगते."

दसऱ्याला मी तिला माझ्याकडं जेवायला बोलावलं आणि माझ्या हातानं पुरणपोळी भरवली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची सिस्टर, तोंड उघडून बसलेली. दोघी हसलो.

"काकू, एक मागू? वास घ्या."

तिनं मोजा उतरवला. मी वाकून वास घेतला. ओली शेंग. आणि खरं सांगते, मला एकदम सोपान दिसला, मान एका बाजूला कलती करून बुवांच्या तोंडाकडं बघणारा. मी पदरानं डोळे टिपले. ती म्हणाली, "आणखी वीस तास फक्त."

तेवढ्यात अंगणातून हाक आली. केंद्रातली आशा सेविका नसीम, धापा टाकत.

"सिस्टर, चला! मेंढपाळांच्या वस्तीवरची काजल आणलीय केंद्रावर. आठवा सरतोय, पण पोट दुखायलंय, पाणीबी गेलंय. डॉक्टर गावाला. दवाखान्याची गाडी विट्याहून निघाली, पाऊण तास म्हणतेत."

ऋतुजा उठली. मी मागोमाग गेले. माझ्यानं घरात बसवेना. केंद्रात पोचलो तर भिंतीवरच्या पडद्यावर सांगलीच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "सिस्टर, गाडीची वाट बघता येणार नाही. तुम्हालाच करायचंय. मी आहे इथं."

काजल जेमतेम वीसची. नवऱ्याचा हात धरून ओरडत होती. ऋतुजा धुण्याच्या टाकीपाशी गेली आणि उभी राहिली. नसीमला कालचं सगळं ठाऊक होतं. ती हळूच म्हणाली, "सिस्टर, एकावर एक दोन मोजे घाला की. न धुता. कुणाला कळतंय?"

"मोजा फाटतो, नसीम. महिन्याला एखादा फाटतोच."

"पण त्ये जंतू चांगलेच हायत न्हवं?"

"मला चांगले. आठव्या महिन्याचं बाळ, त्याचं कातडं म्हणजे कांद्याचा पापुद्रा. त्याला चांगले की वाईट, हे कुणी तपासलंय?"

एक निर्जंतुक काडी फोडून तिनं दोन्ही तळव्यांवरून, बोटांच्या बेचक्यांतून फिरवली, नळीत घातली आणि माझ्या हातात दिली. "काकू, काखेत धरा. ऊब लागते. काय सांगावं."

मग दोन्ही तळवे तोंडावर धरून एक श्वास घेतला. एकच. पलीकडं काजल किंचाळली. ऋतुजानं कोपरानं नळ उघडला.

पाणी, साबण, मग ते लालसर औषध. नखांच्या कडा, बेचक्या, मनगट, कोपरापर्यंत. ती मिनिटं मोजत होती आणि मी देवाचं नाव घेत होते, काखेत नळी धरून. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते पुसायला धुतलेला हात चालत नाही. शेवटी नसीमनं आपल्या ओढणीनं पुसलं.

पंचवीस मिनिटांनी मुलगी झाली. दीड किलोची, निळसर. आधी रडेचना. ऋतुजानं दोन बोटांनी तिची पाठ चोळली, नाकातलं ओढून काढलं, पुन्हा चोळली. मग मांजरीच्या पिलासारखा आवाज आला. काजलच्या नवऱ्यानं मटकन खाली बसून जमिनीला डोकं टेकलं. गाडी आली ती बाळाला उबेत ठेवायची काचेची पेटी घेऊनच, आणि मायलेकी सांगलीला रवाना झाल्या.

ती नळी मी रात्रभर काखेत धरून झोपले. झोपले कसली, कूस बदलायची भीती. एकादशीला सकाळच्या गाडीनं आम्ही सांगलीला निघालो. नानाही आले, म्हणाले, सूनबाईचे हात दुखतात, पिशवी कोण धरणार?

कुडचे मॅडमनी तिचे तळवे यंत्रावर ठेवले. माझ्या काखेतली नळी घेतली. अर्धा तास लागला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरच उत्तर होतं.

"हातावर फक्त तुमचे स्वतःचे आहेत. काडीवर... काही नाही. मला फार वाईट वाटतं." मग वहीत लिहायला म्हणून विचारलं, "बरणीत नेमकं काय गेलं होतं? हळद?"

नाना शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांची मान वर झाली.

ऋतुजा म्हणाली, "माझ्याच हातून. मसाल्याचा डबा लवंडला."

कुडचे मॅडमनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, दुसऱ्या दात्याचं मलम देता येईल, अनोळखी पण चांगल्या हाताचं. ऋतुजानं मान हलवली. "नको. साधंच द्या."

स्टँडवर बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. 

"सूनबाई."

"बोला नाना."

"मसाल्याचा डबा खालच्या कप्प्यात असतोय. बरणी वर देवळीत. खालचं वर कसं लवंडंल?"

ती फलाटाकडं बघू लागली.

"झाकण मी काढलं होतं. माझ्या हातानं मी माझ्या पोराला..."

"नाना!" तिनं त्यांचं मनगट धरलं. "तुम्ही पूजा केलीत त्याची. हळदकुंकू वाहिलंत. त्याची पूजा दुसरं कोण करणार होतं? मी दीड वर्ष नुसती लावत होते, एकदासुद्धा फूल वाहिलं नाही."

म्हातारा तिथं, भर स्टँडवर, लहान पोरासारखा रडला. लोक बघत होते, बघू देत. मीही रडले. रडली नाही ती एकटी ऋतुजा. कालच्या घासण्यानं तिच्या पेरांवर दोन बारीक भेगा उघडल्या होत्या आणि ती त्यांच्याकडं बघत होती.

जरा वेळानं नानांनी पिशवीतून पेढीनं दिलेली साध्या मलमाची नळी काढली. टोपण त्यांना उघडता येईना, मी उघडून दिलं.

"किती लावायचं असतंय?"

"बोटाच्या शेवटच्या पेराएवढं. दोन्ही तळव्यांना तेवढं पुरतं."

त्यांनी मोजून तेवढंच घेतलं. जन्मभर नट आवळलेली ती बोटं, पण लावायला अशी हलकी, की मी बघतच राहिले. आधी हाताच्या पाठीवर, मग तळव्यावर, मग एकेका बोटाच्या बेचक्यात.

"वासच न्हाई गं याला," नाना म्हणाले.

"नसतोच, नाना."

"झोंबतंय का?"

"नाही. लावा."

गाडी लागली, तरी ते लावत होते.

आता हात धुतला की ती टिपते, टिपला की साधं मलम लावते. रांग असली तर रांगेला थांबवते; लोकही थांबतात. दिवसातून सकाळचं आणि रात्रीचं नाना लावून देतात. थंडीत एखादी भेग पडते, पण बाकी हात बरे आहेत. तसे साध्या मलमानंही बरे राहतात, नेम तेवढा पाहिजे. काजलची मुलगी रांगायला लागली आहे.

संपलं माझं आख्यान. कीर्तनाच्या शेवटी बुवा पदर पसरून देवाकडं मागणं मागतात. मी तुमच्याकडं मागते. बत्तिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाला आठवणारे फार नसतात, आणि आता त्याचं जितं असं कुठंच काही राहिलं नाही, तुमच्या-आमच्या मनाखेरीज. तर घरी गेल्यावर, दिवा लावताना, एकदा त्याचं नाव घ्या. सोपान मारुती लोहार. पंपावर कामाला होता. कीर्तनात पेटी धरायचा. विसरू नका हो त्याला.